थाळनेरचा मलिक राजा आणि हातातून गेलेलं नंदुरबार

थाळनेर हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं ते लता मंगेशकरांचं आजोळ म्हणून. धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावरचं हे गाव. सहाशे वर्षांपूर्वी मात्र ते एका राज्याची राजधानी होतं. आणि गंमत म्हणजे, ते राज्य ज्याने उभं केलं तो माणूस तिथला नव्हताच. दख्खनमधून पळालेला, एका फसलेल्या बंडातून जीव वाचवून आलेला सरदार होता तो. त्याचं नाव मलिक अहमद, पण इतिहासात तो ओळखला जातो मलिक राजा म्हणून. खानदेशच्या फारुकी घराण्याचा हा मूळ पुरुष.

शाळेच्या पुस्तकात फारुकी घराणं एका ओळीत येतं आणि जातं. बहमनी, गुजरातचे सुलतान, माळव्याचे सुलतान ही मोठी नावं, त्यांच्या मधल्या फटीत खानदेश. पण हे फटीतलं राज्य १३८२ पासून १६०१ पर्यंत टिकलं. म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त! बहमनी तोवर फुटून त्यांची पाच राज्यं झाली होती, माळवा गुजरातने गिळला होता, आणि पुढे गुजरातही अकबराने घेतला होता. खानदेश मात्र होता तिथेच होता. हे कसं काय, असा प्रश्न पडला की उत्तर शोधत शोधत नंदुरबारला पोचायला होतं. कसं, ते सांगतो.

आधी बंडाची गोष्ट. १३४७ साली दख्खन दिल्लीपासून फुटला आणि बहमनी राज्य सुरू झालं. दुसरा सुलतान पहिला मुहम्मदशाह. १३६५-६६ च्या सुमारास तो विजयनगरशी लढण्यात गुंतलेला असताना इकडे दौलताबादेत बहराम खान माझिंदरानी नावाच्या सरदाराने बंड केलं. त्याला काही मराठा सरदारांची साथ होती, बागलाणच्या राजाचीही होती. सुलतान लढाई आटोपून परत फिरला, पैठणच्या बाजूला बंडवाल्यांची दाणादाण उडाली आणि मंडळी दौलताबादेत परत येऊन अडकली. तेव्हा ते सल्ला मागायला गेले शेख झैनुद्दीन शिराझी या सूफी संताकडे. (यांची कबर खुलताबादला आहे. औरंगजेबाची कबरही त्यांच्याच दर्ग्याच्या आवारात आहे.) शेखने सांगितलं, किल्ल्यात बसून राहू नका, बायकामुलं घ्या आणि निघा. मंडळी गुजरातकडे निघून गेली. या बंडात सामील झालेल्यांपैकी एक होता मलिक राजा, असं आधुनिक इतिहासकार मांडतात.

घराण्याची स्वतःची आवृत्ती जरा वेगळी आहे. ती आपल्याला फिरिश्ता सांगतो. फिरिश्ता विजापूरच्या आदिलशाहाच्या पदरी होता. १६०४ साली आदिलशाहाची मुलगी अकबराचा मुलगा दानियाल याला दिली, तेव्हा वऱ्हाडाबरोबर तो बुऱ्हाणपूरला गेला होता. फारुकी राज्य बुडून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. तो लिहितो की मलिक राजाचे पूर्वज दिल्ली दरबारातले मोठे लोक, आणि वंश थेट दुसरे खलिफा उमर फारूक यांचा. म्हणून फारुकी.

फिरिश्ता पुढे एक झकास गोष्ट सांगतो. सुलतान फिरोजशाह तुघलक गुजरातेत शिकारीला गेला, शिकारीच्या नादात छावणीपासून खूप लांब गेला, बरोबरचे लोक मागे पडले. भुकेने जीव कासावीस. तेवढ्यात एका झाडाखाली दोनचार माणसं आणि शिकारी कुत्रे घेऊन बसलेला एक जण दिसला. त्याने पाहुण्याला जवळ होतं ते खायला घातलं. सुलतानाने चौकशी केली तर हा निघाला जुन्या खानदानी घरातला, पण दिवस फिरलेला. सुलतान खूष झाला आणि त्याने मलिक राजाला थाळनेर आणि करवंद ही ठाणी जहागीर म्हणून दिली. साल १३७०.

गोष्ट छानच आहे. पण आता दुसरी ऐका. गुजरातच्या सुलतानांचा मूळ पुरुष झफर खान. त्याचं घराणं कसं वर आलं? तर फिरोज तुघलक गादीवर येण्याआधी एकदा ठाणेसरजवळ शिकारीत वाट चुकला, तेव्हा सधारण नावाच्या माणसाने आणि त्याच्या भावाने त्याला घरी नेऊन जेवूखाऊ घातलं. हा सधारण म्हणजे झफर खानाचा बाप! म्हणजे चौदाव्या शतकात फिरोजशाहाने जंगलात वाट चुकावी आणि त्याला जेवू घालणाऱ्याच्या घराण्याने पुढे राज्य करावं, असा नियमच होता की काय? :)

विनोद सोडा. पण दोन शेजारी घराणी आपल्या उगमाची जवळजवळ एकच गोष्ट सांगतात, याला अर्थ आहे. परक्या मुलखात राज्य करायचं तर "मी इथे का?" या प्रश्नाला उत्तर लागतं. "मी हा मुलूख मारून घेतला" हे उत्तर धोक्याचं असतं, कारण उद्या दुसरा कोणीही तसंच म्हणू शकतो. "मी भुकेल्याला जेवू घातलं आणि बादशहाने मला हे दिलं" हे जास्त टिकाऊ. त्यात पुण्यही आलं आणि सनदही आली. शिवाय फसलेल्या बंडाचा आणि पळून येण्याचा उल्लेख टाळता आला.

असो. मुद्दा हा की १३७० मध्ये मलिक राजा थाळनेरला आला. थाळनेर आणि करवंद ही दोन्ही गावं आजच्या शिरपूर तालुक्यात. वर सातपुडा, खाली तापी. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. तापीच्या खोऱ्याची पट्टी पूर्वेला बुऱ्हाणपूरपासून पश्चिमेला सुरतेपर्यंत जाते. उत्तरेला सातपुडा ओलांडला की माळवा, पश्चिमेला गुजरात, दक्षिणेला बहमनी, आणि नैऋत्येच्या डोंगरात बागलाणचा राजा. दिल्लीच्या दृष्टीने ही अगदी टोकाची चौकी. दख्खन तर हातातून गेलेलाच होता. अशा ठिकाणी दख्खनच्या सुलतानाशी उभा दावा असलेला माणूस बसवणं म्हणजे फिरोजशाहाच्या दृष्टीने एकदम फिट्ट काम. भुकेच्या गोष्टीपेक्षा हे कारण मला जास्त पटतं.

मलिक राजाने पहिली मोहीम काढली ती बागलाणवर. तिथला राजा बहिरजी. त्याला नमवून खंडणी कबूल करायला लावली आणि त्यातून आलेले हत्ती व इतर नजराणा त्याने स्वतःकडे न ठेवता दिल्लीला पाठवला. सुलतान खूष. मलिक राजाला सिपहसालार ही पदवी आणि तीन हजार स्वारांची मनसब मिळाली. ज्या बागलाणच्या राजाने दौलताबादच्या बंडाला मदत केली, त्याच बागलाणवर बंडातल्या माणसाने चालून जायचं! जुन्या मैत्रीचा हिशोब इथे संपलेला दिसतो.

नंतर त्याने फौज वाढवत वाढवत बारा हजार स्वारांपर्यंत नेली, असं फिरिश्ता म्हणतो. पण एवढ्या फौजेला पोसेल इतकं उत्पन्न खानदेशात नव्हतं. मग पूर्वेकडच्या गोंडवनातल्या राजांकडून वसुली सुरू झाली. ही गोष्ट महत्त्वाची आहे. कागदावर फौज वाढली की आनंद होतो, पण दर महिन्याचा पगार कुठून काढायचा? कंपनीत डोकी वाढवताना जो प्रश्न येतो तोच. फौज पोसायला मुलूख हवा, आणि मुलूख घ्यायला फौज हवी. या चक्रात अडकलेला राजा शेवटी कोणा ना कोणा मोठ्या शेजाऱ्यावर जाऊन आदळतोच.

१३८२ पासून तो जवळपास स्वतंत्रपणे वागायला लागला. १३८८ मध्ये फिरोजशाह वारला आणि दिल्लीत वारसांची मारामारी सुरू झाली. माळव्यात दिलावर खान घोरी आणि गुजरातेत १३९१ मध्ये सुभेदार म्हणून आलेला झफर खान, हे दोघेही आपापलं बस्तान बसवत होते. मलिक राजाने दिलावर खानाशी सोयरीक केली. दिलावरची मुलगी मलिक राजाचा थोरला मुलगा नसीर याला केली. पाठीशी माळवा आला. आणि मग त्याने पश्चिमेकडे पाहिलं. पश्चिमेला होतं सुलतानपूर आणि नंदुरबार.

आज सुलतानपूर म्हणजे शहादा तालुक्यातलं एक लहान गाव. पण त्या काळी सुलतानपूर आणि नंदुरबार ही जोडी म्हणजे गुजरातचं पूर्वेकडचं दार. नंदुरबारचं महत्त्व समजायला दोन प्रवासी पुरेत. १३४२ च्या सुमारास इब्न बतूता दौलताबादहून खंभातला जाताना नंदुरबारमार्गे गेला. त्याने गावाचं नाव लिहिलंय नझरबार, आणि तिथे मराठे राहतात, ते कारागिरीत, वैद्यकीत आणि ज्योतिषात हुशार आहेत, जेवणाआधी आंघोळ करतात, अशी नोंद करून ठेवली आहे. पुढे तीनशे वर्षांनी फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निये सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाताना नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा हीच ओळ देतो. (नवापूरच्या सुवासिक तांदळाचं त्याने खास कौतुक केलंय.) आजची सुरत-भुसावळ रेल्वेसुद्धा नवापूर, नंदुरबार करतच खानदेशात शिरते. म्हणजे दख्खनमधून समुद्राकडे जाणारा माल नंदुरबारवरून जाणार. ज्याच्या हातात नंदुरबार, त्याच्या हातात जकात. आणि बारा हजार स्वारांच्या पगाराचा प्रश्न सुटणार तो जकातीने.

मलिक राजाने सुलतानपूर आणि नंदुरबार घेतलं. पण झफर खान गप्प बसणारा नव्हता. तो फौज घेऊन आला, गेलेली ठाणी परत घेतली आणि तिथे न थांबता सरळ थाळनेरला येऊन वेढा घातला. दिल्लीत वाली उरला नव्हता. मलिक राजा स्वतःच्याच राजधानीत कोंडला गेला. आयुष्यात दुसऱ्यांदा.

दौलताबादेतला पहिला वेढा त्याने निघून जाऊन सोडवला होता. या वेळी जायला जागा नव्हती. त्याने तह केला. सुलतानपूर-नंदुरबारवरचा हक्क सोडला. झफर खानालाही घाई होती, गुजरातेत त्याच्यापुढे बाकीची कामं पडलेली होती. तोही मान्य झाला आणि परत गेला.

इथे त्याची कहाणी संपायला हवी होती. तसं झालं नाही. फिरिश्ता सांगतो की यानंतर मलिक राजाने मोहिमांचा नाद सोडला आणि उरलेली वर्षं शेती वाढवण्यात आणि बांधकामात घालवली. १३९९ च्या एप्रिल महिन्यात तो वारला आणि थाळनेरलाच त्याला पुरलं.

इथे थोडं लांब जाऊ या, अगदी युरोपात. कारण या माणसाचा एक जुळा भाऊ शोभावा असा राजपुत्र शंभर वर्षं आधी होऊन गेला. नाव दाउमांतास, लिथुआनियाचा. तिथला राजा मिंडाउगास याचा १२६३ साली खून झाला, आणि त्या कटात हा सामील होता. नंतर फासे उलटले, मिंडाउगासच्या मुलाने सूड घ्यायला सुरुवात केली, तेव्हा १२६५ मध्ये हा आपली माणसं घेऊन रशियातल्या प्स्कोव्ह या सरहद्दीवरच्या शहरात पळाला. तिथे बाप्तिस्मा घेऊन तिमोफेय झाला, आणि १२६६ मध्ये प्स्कोव्हच्या लोकांनी त्यालाच आपला राजा केलं. त्याने पहिली मोहीम काढली ती आपल्याच लिथुआनियावर! पुढे १२६८ मध्ये राक्वेरेच्या लढाईत जर्मन सरदारांच्या फौजेविरुद्ध लढला, १२९९ मध्ये शहराच्या तटाबाहेर त्यांना शेवटचं हरवलं आणि त्याच वर्षी वारला. त्याला संतपद मिळालं. त्याची म्हणून एक तलवार तिथल्या संग्रहालयात आजही जपून ठेवली आहे.

बघा, साम्य किती आहे ते. फसलेला कट, पळून येणं, सरहद्दीवरचं गाव, जुन्या सोबत्यांवर पहिली स्वारी. एक मेला १२९९ ला, दुसरा १३९९ ला. पण दाउमांतास जिंकत गेला आणि संत झाला. मलिक राजा त्याची सगळ्यात मोठी मोहीम हरला. त्याची तलवार कुठे जपलेली नाही. तरीही दोनशे वर्षं टिकणारं घराणं उभं राहिलं ते या हरलेल्या माणसाचं.

मला वाटतं ते त्या पराभवामुळेच. थाळनेरच्या वेढ्यात मलिक राजाला खानदेशचं खरं माप कळलं. हे राज्य पश्चिमेकडे वाढू शकत नाही. गुजरातशी बरोबरीने भांडायचं नाही. एकाशी सोयरीक, दुसऱ्याशी तह, तिसऱ्याला खंडणी, आणि मधल्या काळात विहिरी, शेतं, गावं. फारुकींचं पुढचं दोनशे वर्षांचं राजकारण थोडक्यात हेच आहे. तिन्ही मोठ्या शेजाऱ्यांना मधे एक उशी हवी होती, आणि खानदेश ती उशी होऊन राहिला. यात शौर्याच्या गोष्टी कमी आहेत, पण त्या मुलखात पेरणी करणाऱ्या माणसाला विचारलं असतं तर त्याने कुठला राजा निवडला असता?

अर्थात मुलांना बापाचा धडा लगेच पटतो असं नाही. मलिक राजाने जाताना लळिंग थोरल्या नसीरला आणि थाळनेर धाकट्या इफ्तिखारला दिलं होतं. नसीरने आधी असीरगड घेतला. त्याची गोष्ट खानदेशात प्रसिद्ध आहे. गडाचा मालक आसा अहिर, मोठा पशुपालक. दुष्काळात त्याने धान्याची कोठारं लोकांना उघडली होती आणि गरिबांच्या हाताला काम म्हणून गडाचा तट बांधून घेतला होता. नसीरने निरोप पाठवला, शत्रू मागे लागलेत, माझ्या बायकामुलांना गडावर आसरा दे. आसा अहिराने दिला. डोल्या वर गेल्या आणि आतून सैनिक बाहेर पडले. आसा आणि त्याची मुलं मारली गेली. बापाने भुकेल्याला जेवू घातलं म्हणून राज्य मिळालं, ही घराण्याची एक गोष्ट. मुलाने आसरा देणाऱ्याला मारून गड घेतला, ही दुसरी. गंमत म्हणजे या दोन्ही गोष्टी फिरिश्ताच सांगतो.

१४१७ मध्ये नसीरने धाकट्या भावाकडून थाळनेरही काढून घेतलं आणि लगेच सुलतानपुरावर गेला. पुन्हा गुजरातची फौज आली (या वेळी झफर खानाचा नातू अहमदशाह, ज्याने अहमदाबाद वसवलं), पुन्हा नसीरला माघार घ्यावी लागली आणि गुजरातचं वर्चस्व मान्य करावं लागलं. हिसकावलेल्या थाळनेरचा धाकटा भाऊ गुजरातेत जाऊन राहिला. म्हणजे मलिक राजा दख्खनमधून पळून आला होता, आता त्याचाच मुलगा थाळनेरमधून परागंदा झाला. त्या शाखेने गुजरातच्या राजघराण्याशी सोयरिकी केल्या. नव्वद वर्षांनी त्यांचाच वंशज आलम खान याला त्याचा आजोबा महमूद बेगडा फौजेनिशी घेऊन आला आणि १५०९ मध्ये आदिल खान म्हणून खानदेशच्या गादीवर बसवलं. तोही एका अर्थाने परक्या मुलखात वाढलेला राजा!

आणि नंदुरबारचं काय झालं? १५३७ मध्ये गुजरातचा बहादूरशाह वारल्यावर तिथल्या सरदारांनी खानदेशच्याच मिरान मुहम्मदशाहाला गुजरातचा सुलतान म्हणून बोलावलं. तो बहादूरशाहाचा भाचा. बिचारा वाटेतच वारला. मग गुजरातवाल्यांना आठवण झाली ती खानदेशात कैदेत ठेवलेल्या त्यांच्या एका छोट्या राजपुत्राची, महमूदची. कैदेत असताना या महमूदने फारुकी राजपुत्र मुबारकला शब्द दिला होता म्हणे, की मी सुलतान झालो तर तुला नंदुरबार देईन. तो सुलतान झाला. मधे मुबारकशी एक लढाईही झाली, पण शेवटी त्याने शब्द पाळला. जे मलिक राजाला बारा हजार स्वारांनी मिळालं नाही, ते त्याच्या वंशजाला दिलेल्या शब्दापोटी मिळालं.

तरी नंदुरबारचं सरहद्दीवरचं नशीब काही सुटलं नाही. अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीत नंदुरबार दाखवलंय ते चक्क माळवा सुभ्यात. आणि धुळे जिल्ह्यातून वेगळं होऊन १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला, तोही गुजरात आणि मध्य प्रदेश दोघांनाही खेटून. थाळनेर राहिलं धुळे जिल्ह्यात. म्हणजे मलिक राजाची राजधानी एका जिल्ह्यात आणि त्याने गमावलेलं नंदुरबार दुसऱ्यात. मधलं अंतर गाडीने दोन-तीन तासांचं.

कधी शिरपूरकडे गेलात तर वाट वाकडी करून थाळनेरला जा. गावाजवळ फारुकींच्या कबरींच्या इमारती आहेत, त्यातली एक अष्टकोनी आहे आणि दगडातलं काम बघण्यासारखं आहे. नंतर किल्ल्याच्या बाजूने खाली तापीकडे उतरा आणि पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. झफर खानाची फौज त्याच दिशेने आली होती.